चोपन्न सेंटिमीटरचा राग

जेवणाच्या टेबलावर सतरा टोप्या होत्या. सतराही गडद निळ्या, सतरांनाही कपाळाशी पांढरी पट्टी. लोकर एकाच दुकानातली, सुया त्याच दोन, आणि प्रत्येक टोपीसाठी सुईवर घातलेले टाके बरोबर ब्याऐंशी. बारकीने ते तीनदा मोजले. मग तिने शिवणकामाची टेप आणली आणि एकेका टोपीचा घेर मोजला. सगळ्यांत लहान टोपी भरली एकोणपन्नास सेंटिमीटर, सगळ्यांत मोठी सत्तावन्न. हवा होता चोपन्न, आणि चोपन्नची टोपी सतरांत एकच होती.

"एकोणपन्नास ते सत्तावन्न," ती स्वतःशी पुटपुटली. "एकाच बाईच्या हातच्या."

"बाई काय गं? आई म्हणायला जीभ झिजते का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

बारकी म्हणजे घरातलं शेंडेफळ. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती घरी परतली होती आणि नोकरी लागेपर्यंत घरातलं मोजण्यासारखं सगळं तिने मोजून काढलं होतं. फ्रीजच्या कोणत्या कप्प्यात दूध जास्त टिकतं, सकाळी नळाला किती धार असते, बाबा मिनिटाला किती वेळा घोरतात, सगळं. मोजायला आणखी काही उरलं नाही तेव्हा तिने आईच्या विणकामाचं ऑनलाइन दुकान काढलं.

त्याआधी आईच्या टोप्या नातेवाइकांना जात. नातेवाईक "अय्या, किती गोड" म्हणत आणि कपाटाच्या तळाशी ठेवून देत. दुकान सुरू झालं आणि कधी तोंडही न पाहिलेली माणसं आईची टोपी मागू लागली, घालू लागली, घालून फोटो पाठवू लागली. आई ते फोटो कुरिअरवाल्याला दाखवायची. तो बिचारा पायरीवर अडकलेला, खाली गाडी सुरू, आणि आई सांगतेय, "हे बघा, हे गृहस्थ पोस्टात असतात. रोज आपली टोपी घालून जातात कामावर." 'आपली' म्हणताना ती कुरिअरवाल्यालाही धंद्यात भागीदार करून टाकायची. आई एवढी खुशीत असलेली बारकीने आधी कधी पाहिली नव्हती.

आणि आता तेच दुकान गाळात जायची वेळ आली होती. एका ग्राहकाने फोटो पाठवला होता, त्यात टोपी नाकापर्यंत उतरली होती आणि खाली नुसत्या मिशा दिसत होत्या. दुसऱ्या बाईंच्या डोक्यावर टोपी बरणीच्या झाकणासारखी ठेवल्यासारखी होती. दोन्ही टोप्या मध्यम मापाच्या म्हणून विकलेल्या. ज्या संकेतस्थळावर दुकान होतं त्यांचा नियम साधा होता: मापाची तिसरी तक्रार आली की दुकानाला टाळं.

त्यातच गायनवर्गाच्या बाईंची मागणी आलेली. चोवीस गायक, तीन रांगा, उघड्या मैदानात कार्यक्रम. सगळ्यांच्या कपाळावरची पांढरी पट्टी एका रेषेत दिसली पाहिजे, म्हणून सगळ्या टोप्या चोपन्नच्या. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर चोवीसच्या चोवीस परत, तक्रारीसकट.

"पण गाणाऱ्यांची डोकी तरी एका मापाची आहेत का?" बारकीने फोनवर विचारलं होतं.

"डोकी माझ्याकडे लागली," बाई म्हणाल्या. "तुम्ही टोप्यांचं बघा."

बारकीने टेप गुंडाळली. "दोन दिवसांत सोडवते हे," तिने जाहीर केलं. "चूक असली की तिला कारण असतं, आणि कारण असलं की ते सापडतं."

बाबांनी मान डोलावली. बाबा जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. कुणीही टेप उघडली की ते आपोआप येऊन दुसरं टोक धरत.

आधी तिने लोकरीवर संशय घेतला. गुंडे तोलून पाहिले, धागा भिंगाखाली धरला. लोकर निर्दोष सुटली. मग हवा. दमट दिवशी वीण सैल पडत असेल म्हणून तिने खिडकीत दमटपणा मोजायचं यंत्र टांगलं, ते आत्याने कपड्यांचा चिमटा समजून दोरीला लावलं. मग सुया. आईला एक नंबर जाड सुया दिल्या तर आईला त्या सुयांचाच राग आला, आणि त्या सुयांवरची टोपी आधीच्यापेक्षाही लहान निघाली. कोणत्याही नियमाने जाड सुईवर वीण सैल व्हायला हवी. बारकी बराच वेळ त्या टोपीकडे बघत बसली.

मग तिने सतरांतली सगळ्यांत लहान, एकोणपन्नासची टोपी उचलली आणि आईसमोर धरली. "ही कधीची गं?"

आईने ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. "ही? तुझ्या बाबांनी दूध उतू घालवलं आणि वर मलाच विचारलं, गॅस कुणी ठेवला होता म्हणून. त्या दिवशीची."

"आणि ही?" सत्तावन्नची.

आईचा चेहरा एकदम निवळला. "ही तुझी आत्या मैत्रिणीकडे राहायला गेली होती ना, तेव्हाची. काय शांत गेले गं ते दिवस."

"ही?"

"ही बघ, पट्टीपर्यंत छान चालली होती. मग तुझी आत्या म्हणाली, वहिनी, पांढरा रंग मळतो हं."

बारकीने बघितलं. टोपी पट्टीपर्यंत ऐसपैस होती आणि पट्टीच्या वर उलट्या फुलदाणीसारखी निमुळती होत गेली होती.

आईला प्रत्येक टोपीचा दिवस आठवत होता, आणि प्रत्येक दिवसाचा राग टोपीत शिल्लक होता. राग आला की आईचा हात आवळायचा, मन रमलं की सैल पडायचा. वर्तमानपत्राच्या समासात बारकीने बिंदू मांडले. आडवा राग, उभा घेर. बिंदू इतके सरळ रेषेत आले की कॉलेजातल्या प्रयोगशाळेत असे आले असते तर सरांनी 'नक्कल केलीस' म्हणून वही परत पाठवली असती.

तिने बाबांना आणि आत्याला गच्चीवर बोलावलं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिच्या घराला रंग द्यायचा होता म्हणून ती चार दिवसांसाठी आली होती. तो रंग आता जुना झाला होता.

"थोडक्यात," बारकीने कागद दाखवत म्हटलं, "आईचा मूड एका जागी स्थिर ठेवायचा. चोपन्नवर."

"तिलाच सांगून टाक ना," बाबा म्हणाले.

"टोपी मोजली तर टोपी बदलत नाही बाबा. आईला मोजतोय हे आईला कळलं की आई बदलणार. लक्ष ठेवून विणायला लागली की सगळं मुसळ केरात."

"म्हणजे मी रोज वहिनीशी गोड बोलायचं?" आत्याने विचारलं.

"निदान पांढऱ्या रंगाबद्दल बोलू नकोस."

"आणि चुकीच्या मापाच्या टोप्यांचं काय? तशी लोकर परत मिळणार नाही म्हणतेस."

"त्या उसवायच्या. आईला कळू न देता." बारकीने हे अगदी सहज सांगितलं. त्याच दुपारी फोटो काढायच्या निमित्ताने ती टोप्या खोलीत घेऊन गेली आणि चोपन्नची एक ठेवून बाकीच्या सगळ्यांचे पुन्हा गुंडे करून टाकले.

दुसऱ्या दिवसापासून घराचा कायापालट झाला. बाबांनी न सांगता भांडी घासली. आत्या म्हणाली, "वहिनी, तुमच्या हाताला काय छान वळण आहे." जेवताना बाबांनी आमटीला मीठ कमी असूनही दोनदा वाढून घेतली. त्या दिवशीची टोपी चोपन्नच्या अगदी जवळ आली. बारकीला वाटलं, जिंकलं.

तिसऱ्या दिवशी बाबा भांडी पुसत असताना आई त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"रिपोर्ट कुठे ठेवलाय?"

"कसला रिपोर्ट?"

"म्हणजे आहे."

"अगं, कसला रिपोर्ट?"

"एवढ्या वर्षांत तुम्ही स्वतःची कपबशी उचलली नाहीत. आज कढई घासताय. तुमची बहीण माझं कौतुक करतेय. पोरगी माझ्याकडे बघते आणि नजर चुकवते. काय सांगितलंय डॉक्टरांनी, मला सरळ सांगा."

बाबांनी शपथेवर सांगितलं की त्यांना काहीही झालेलं नाही. शपथ घेतली म्हटल्यावर आईची खात्रीच पटली. त्या दिवशीची टोपी एका बाजूला घट्ट, एका बाजूला सैल आली, जणू एक कान कुणी पिरगाळून ठेवलाय. शेवटी बाबांना सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला नेण्यात आलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. बाबांना खरोखरच काही झालेलं नव्हतं. उलट साखर आईच्या अपेक्षेपेक्षा चांगली होती. आईला इतकं हायसं वाटलं, की तिने रिपोर्ट देवासमोर ठेवावा तसा फ्रीजवर चिकटवला आणि गाणं गुणगुणत विणायला बसली.

ती टोपी घागरीला बसली असती. अठ्ठावन्न.

"आता उलटं करायला लागणार," बारकी गच्चीवर म्हणाली. "थोडा राग हवाय. पण मोजून."

बाबांचा चेहरा उजळला. पुन्हा स्वतःसारखं वागायची परवानगी मिळाली होती. दोन दिवस चाचण्या झाल्या. ओला टॉवेल पलंगावर टाकला की घेर दीड सेंटिमीटर कमी व्हायचा. कपाटाचं दार उघडं ठेवलं की अर्धा. आत्याने "आमच्या सासरी बाई असं नव्हतं" असं म्हटलं की तब्बल दोन, आणि त्याचा असर दोन टोप्या टिकायचा, म्हणून ते औषध जपून. कुरिअरवाल्याने दुपारी आई डोळा लावून पडलेली असताना बेल वाजवली की एक, पण तो पगारी माणूस, त्याच्यावर आपला ताबा नाही.

मग गाडी रुळावर आली. सकाळी बारकी चालू टोपीची रुंदी डोळ्यांनी जोखायची आणि बाबांना खूण करायची. बाबा इमानेइतबारे ओला टॉवेल पलंगावर टाकायचे. कधीकधी तो कोरडा असला तर मुद्दाम नळाखाली धरायचे. एकदा आत्याची जीभ सैल सुटली. तिला एकच वाक्य दिलं होतं, पण सासरचं एकदा सुरू झाल्यावर तिला थांबवेना. दिरापासून दळणापर्यंत सगळं निघालं आणि ती टोपी नारळाला घालण्यालायक झाली. "रंगात आले गं मी," आत्याने नंतर कबुली दिली. बारकीने ती टोपी उसवली. उसवलेल्या टोप्यांचे गुंडे आईच्या टोपलीत परत जात, आई त्यांच्या पुन्हा टोप्या करी. लोकर संपत का नाही, ह्याचं आईला नवलच वाटत होतं.

एक दिवस आईने खोका उघडला. चांगल्या टोप्या त्यात रचून ठेवल्या होत्या. आईने मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"बारके, ह्या अकराच कशा? मी कधीच चोवीसच्या पुढे गेले असणार."

बारकी संगणकावर बसली होती. मान न वळवता म्हणाली, "अकराच आहेत आई. तुझीच मोजायला चूक झाली असेल."

आईने खोका बंद केला.

त्यानंतर आई एक नवीन गोष्ट करायला लागली. विणता विणता फोन नंबर पाठ म्हणायची. आधी मावशीचा, मग दूधवाल्याचा, मग जुन्या घराचा, जिथे आता दुसरं कुणी राहत होतं. टोपी अचानक बावन्नला आली, मग एक्कावन्नला. बारकीने कपाटाचं दार तपासलं, ते नीट लावलेलं होतं. टॉवेल दोरीवर होता. आत्या दोन तास झोपली होती. तिने समासात त्या बिंदूंपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि बाबांना दोन दिवस टॉवेल बंद करायला सांगितलं.

दोन दिवसांची ती सुट्टी बाबांना भोवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टोपलीतली अर्धवट टोपी पाहिली. ती जरा रुंद दिसत होती. बारकीला विचारावं म्हणून ते तिच्या खोलीत गेले, ती नव्हती. न्हाणीघरात पाणी वाहत होतं. बाबा दाराला तोंड लावून, आवाज दाबून, पण सगळ्या घराला ऐकू जाईल असे म्हणाले, "अगं, आज दोन सेंटिमीटर सैल दिसतेय. आता मी ओला टॉवेल टाकू, की आत्याला सासरचं काढायला सांगू? की तुझी आई आपणहूनच चिडेल असं वाटतंय तुला?"

पाणी थांबलं.

बारकी त्या वेळी खाली कुरिअरवाल्याला पत्ता समजावून सांगत होती. ती वर आली तेव्हा बाबा न्हाणीघराच्या बंद दारासमोर हात जोडून उभे होते.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती बाहेर आली, केस पुसले, ओला टॉवेल नीट दोरीवर टाकला, सुया लोकरीत खोचल्या, आणि टोपली कपाटावर ठेवून दिली. कार्यक्रम पुढच्या आठवड्यात होता आणि गायनवर्गाच्या बाई रविवारी संध्याकाळी टोप्या न्यायला येणार होत्या. खोक्यात त्या दिवशी चौदा टोप्या होत्या.

"आई, दहाच राहिल्यात गं," बारकी म्हणाली.

"मग विण."

"मला येत नाही."

"टेप लावता येते ना? टेपने विण."

दोन दिवस घरात इतकी शांतता होती की फ्रीज सुरू झाला तरी सगळे दचकत. दुकानावर आणखी एका ग्राहकाने विचारणा केली, तिला बारकीने उत्तरही दिलं नाही. आत्या म्हणाली, "मी जाते माझ्या घरी," आणि बॅग काढून पलंगावर ठेवली. ती भरली मात्र नाही. बाबांनी बाईंना फोन करून क्षमा मागायची तयारी केली, त्यासाठी आरशासमोर दोनदा वाक्य म्हणून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी कुरिअरवाला आला. त्याने आईला विचारलं, "काय हो, त्या निळ्या टोप्या कुठवर आल्यात आपल्या?" आईने दार लावलं. मग कपाटावरची टोपली काढली आणि बैठकीच्या खोलीत मधोमध खुर्ची ओढली.

"दुकान बंद पडायला मी काय गुन्हा केलाय?" ती म्हणाली. "बसा सगळे. समोर."

सगळे बसले.

"चोपन्न पाहिजे ना? मला माहितीये माझा चोपन्नचा राग कोणता ते. रोज घरात असतो तोच. तुम्ही उगाच त्यात भर टाकत होतात आणि कमी करत होतात." तिने सुईवर टाके घातले. "मी बोलणार, तुम्ही ऐकायचं. मध्ये कुणी गोड बोलायचं नाही आणि कुणी माफी मागायची नाही. दोन्हीने हात बिघडतो."

आणि आई बोलू लागली. आवाज चढला नाही, पडला नाही. रेडिओवर बाजारभाव सांगावेत तशी ती एकेक तक्रार सांगत होती आणि सुया टिकटिक चालत होत्या. सुरुवात बाबांपासून.

"लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात स्टेशनवर तुम्ही दुसऱ्याच बाईची पेटी उचलून चालायला लागलात."

"पेटी तशीच होती गं."

"पेटी तशीच होती. बाई तशी होती का?"

बाबांवर तीन टोप्या झाल्या. दुपारी आत्याचा नंबर लागला.

"माझा मोरपिशी स्वेटर नेलास. दोन वर्षांनी परत दिलास, तोही धुवून."

"धुवून दिला हेही चुकलं का वहिनी?"

"उकळत्या पाण्यात धुवून. किटलीला घालते मी आता तो."

आत्याने शनिवारी दुपारी कबूल केलं की किटली पाहिल्यापासून तिला तो रंग ओळखीचा वाटत होता. शनिवारी पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत कधी बाबा, कधी आत्या असं चाललं. आईला एखादं विसरलं तर बाबाच आठवण करून द्यायचे, "अगं, ते तुझ्या भावाच्या लग्नातलं राहिलं की," आणि मग स्वतःच मान खाली घालून ऐकायचे. बारकी एका कोपऱ्यात बसून टोप्या मोजत होती. चोपन्न, चोपन्न, त्रेपन्न पूर्णांक आठ दशांश, चोपन्न. तिने असं सुरेख मोजमाप आयुष्यात पाहिलं नव्हतं. आईकडून जेवणाच्या वेळी एवढंच ऐकू आलं, "भात वाढ कुणीतरी. आणि कपाटाचं दार लाव."

रविवारी सकाळी तेवीस झाल्या. आणि तक्रारी संपल्या.

"अजून बघ ना," बाबा काकुळतीने म्हणाले.

"नाही हो काही. सगळं निघालं." आईने हात ताणले. तिचा चेहरा आत्या मैत्रिणीकडे गेली होती त्या दिवसासारखा दिसत होता. तिने चार बोटं विणून पाहिलं. बारकीने टेप लावली, छप्पन्न. बाबांनी पळत जाऊन टॉवेल ओला केला आणि आईच्या डोळ्यांसमोर पलंगावर टाकला. आई खो खो हसत सुटली. आत्याने सासर काढलं. आई म्हणाली, "सांग, सांग, मला आवडतं तुझं सासर." सत्तावन्न.

पाच वाजता बाई येणार होत्या. बारकीने टेप गळ्यात अडकवली आणि पुढे आली.

"माझ्याबद्दल बोल," ती म्हणाली. "फारसं काही नसेल. पण एका टोपीपुरतं निघेल."

आईने तिच्याकडे पाहिलं. विणलेलं उसवलं, नव्याने टाके घातले. दुसऱ्या ओळीला म्हणाली, "माझ्या टोप्या तू उसवल्यास."

"हो."

"खोक्यात अकरा होत्या, तेव्हा मला म्हणालीस, तुझीच मोजायला चूक झाली."

बारकीने गळ्यातली टेप मुठीत धरली.

"मानसुद्धा न वळवता म्हणालीस." सुयांचा आवाज बदलला होता, दातावर दात घासल्यासारखा. चार बोटं विणून झाली की रुंदी कळते. बारकीने एक टोक धरलं, बाबांनी दुसरं. साडेसेहेचाळीस. बाबांनी हळूच टोक सोडून दिलं.

आईने उसवलं आणि पुन्हा सुरुवात केली.

"मला वाटलं, माझं डोकं कामातून चाललं. नंबर पाठ म्हणत होते मी. जुन्या घराचा नंबर आला तेव्हा बरं वाटलं, आणि दूधवाल्याचा विसरला तेव्हा रात्रभर झोपले नाही. डॉक्टरांकडे वेळ घेऊन ठेवली होती. तुझ्या बाबांसाठी नाही. माझ्यासाठी."

एकोणपन्नास.

आईने तेही उसवलं. बारकीचे डोळे भरून आले होते, पण माफी मागायची नाही असा नियम होता. तिने नाक पुसलं.

"मला वाटलं, सांगितलं तर तू लक्ष ठेवून विणशील," ती म्हणाली. "मी फक्त घेर बघत होते आई. तू नंबर म्हणत होतीस ते ऐकू येत होतं मला. मी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं."

"आणि?"

"आणि विचारलं नाही."

आईने चार बोटं विणून टोपी पुढे केली. बावन्न.

"मग आता विचार," आई म्हणाली आणि ती चौथ्यांदा टाके घालू लागली.

बारकी खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. टेप तिने बाजूला ठेवली. "आई, तुला राग कशाकशाचा येतो?"

"आत्ता?" आईने ओळ पालटली. "आत्ता येतोय तो ह्याचा, की साडेतीन वाजलेत, सकाळपासून मी ह्या खुर्चीत आहे, आणि ह्या घरातल्या एकालाही चहा टाकायचं सुचलेलं नाही."

आत्या उठली. "साखर किती घालू वहिनी?"

"एवढ्या दिवसांत तेही माहीत नाही?" आई म्हणाली, आणि सुया पुन्हा टिकटिक चालू लागल्या, ना जोरात ना हळू. पट्टी आली, पट्टी संपली. बाबांनी कपाट उघडून काहीतरी काढलं आणि दार तसंच ठेवलं. ह्या वेळी खरोखर विसरून. आईने "दार" एवढंच म्हटलं.

मागची शिवण घालून आईने दातांनी धागा तोडला, टोपी खोक्यात सगळ्यांच्या वर ठेवली, तेव्हाच बेल वाजली. गायनवर्गाच्या बाई आत आल्या, खोक्यातल्या टोप्यांवरून एकदा नजर फिरवली आणि पर्समधून स्वतःची टेप काढली. मग त्यांनी नेमकी वरचीच टोपी उचलली, अजून आईच्या हाताची ऊब असलेली, टेबलावर सपाट पसरली, आणि मागच्या शिवणीपासून मागच्या शिवणीपर्यंत टेप फिरवली.

चोपन्न.